हा तर नाटकातला दिसतो! (अनुभव धागा)

मालिका चालू असते. नायिका खिडकीपाशी उभी, पार्श्वसंगीत टिपेला पोचलेलं, आणि मागून पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या काकांकडे आपलं लक्ष जातं. वाक्य एकच, "पाणी घे, पोरी." पण ते असं म्हणतात की नायिकेचं दुःख राहतं बाजूला आणि आपण घरच्यांना विचारतो, हे कोण रे? मग कुणाला तरी आठवतं, अरे, यांना आपण ठाण्याच्या गडकरी रंगायतनला, नाटकात पाहिलंय की!

असे अनुभव इथे लिहा. रंगभूमीवरचा नट किंवा नटी मालिकेत ओळखलीत, किंवा एखादा नवखा चेहरा छोट्याशा भूमिकेत हेरलात आणि पुढे तो मोठा झाला, दोन्ही चालेल. नुसतं नाव टाकू नका, कशावरून ओळखलंत तेही सांगा. कोणाचं कोणाशी जमलं आणि कोणी मालिका का सोडली, या गोष्टींना दुसरीकडे भरपूर जागा आहे.

सुरुवात मी करते. 'अग्गंबाई सासूबाई'मधले आजोबा, म्हणजे रवी पटवर्धन. मालिका 2019 ला आली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आमच्या घरातली पोरं "सोम्या, कोंबडीच्या" एवढ्यासाठी टीव्हीसमोर बसायची. मला मात्र ते ओरडायच्या आधी जो श्वास घ्यायचे तो दिसायचा. रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये धृतराष्ट्र हेच. चार दशकांनी ते नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हाही धृतराष्ट्र तेच आणि विदुर दिलीप प्रभावळकर. आंधळ्या राजाने समोरच्याचं बोलणं कानांनी कसं 'पाहायचं', ते तिथे पाहिलं होतं. मालिकेतही नातू बोलत असताना आजोबांची मान किंचित त्याच्या दिशेला वळायची. कॅमेरा त्यांच्यावर नसला तरी.

मधल्या रांगेतली, पुणे

'दिल दोस्ती दुनियादारी' 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा ऑफिसात सगळे विचारत होते, हा कैवल्य कोण? आम्ही पुण्याचे लोक उगाच कॉलर ताठ करून फिरत होतो. अमेय वाघ आम्हाला पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेपासून ठाऊक. 'नाटक कंपनी' या संस्थेच्या 'गेली एकवीस वर्षं' नाटकात त्याला पाहिलेल्या माणसाला तो टीव्हीवर काय करतोय हे लगेच कळायचं. चिडका, स्वतःवर खूश असलेला मुलगा करताना तो वाक्य संपायच्या आतच पुढच्या वाक्याला हात घालायचा. मालिकांमध्ये सहसा प्रत्येक जण आपलं वाक्य पूर्ण म्हणतो, मग तीन चेहरे दाखवतात, मग पुढचा बोलतो. या मालिकेतल्या सहा मित्रांनी ती पद्धतच मोडली. सुव्रत जोशी तर एनएसडीतून, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला. सुजयचा नीटनेटकेपणा त्याने नुसत्या खांद्यांतून दाखवला.

पुढची गंमत म्हणजे यातल्या काही जणांनी नंतर 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक केलं. मनस्विनी लता रवींद्र यांचं लेखन, निपुण धर्माधिकारीचं दिग्दर्शन. प्रयोगाला आलेली कॉलेजची पोरं पहिल्यांदाच नाट्यगृहात आली होती, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. तिसरी घंटा कशाची, हे मागच्या रांगेत एक जण दुसऱ्याला विचारत होता.

कुडाळची माहेरवाशीण

'रात्रीस खेळ चाले'बद्दल मुंबईचे लोक भुताखेतांचं बोलतात. आम्ही आधी कान लावले ते मालवणीकडे. मालिकेतला आकेरीचा वाडा आमच्यापासून काही फार लांब नाही, त्यामुळे सगळं गाव परीक्षक! मालवणी म्हणजे वाक्याच्या शेवटी हेल काढला की झालं, असा अनेकांचा समज असतो. माईच्या, म्हणजे शकुंतला नरेंच्या तोंडी ती भाषा चुलीजवळची वाटली. पांडू झालेला प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लिखाणातही होता, हे नंतर कळलं. त्याचं ते "इसारलंय" गावातल्या प्रत्येक विसरभोळ्याला चिकटलं.

पण मला लिहायचंय ते अण्णांबद्दल. पहिल्या पर्वात घरातले कर्ते अण्णा सुरुवातीलाच जातात, उरतो फोटो आणि त्यांचा दरारा. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं ते आधीच्या काळातलं, आणि माधव अभ्यंकर जिवंत अण्णा होऊन ओसरीवर बसले. दशावतार बघत मोठी झालेली माणसं आम्ही. राक्षस आला की तो पाय आपटत येणार, हे लहानपणापासून ठरलेलं. हा माणूस पायच आपटेना. झोपाळ्यावर बसून नुसता बघायचा. माझ्या सासूबाई त्यांचा प्रवेश आला की पदर सारखा करायच्या!

स्पष्ट बोलणारा, डोंबिवली

सगळे कौतुकच करताहेत म्हणून उलटं लिहितो. नाटकातला नट म्हणजे मालिकेत चांगलाच, असं काही नसतं. कित्येक नावाजलेले लोक मालिकेत असह्य होतात. कॅमेरा नाकासमोर आणि हे बोलताहेत बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी. भुवया कपाळभर नाचतात. विनोदी नटांचं तर विचारू नका, वाक्य टाकून लाफ्टरसाठी थांबतात. टीव्हीत हसायला कोण बसलंय? नावं लिहीत नाही. यातल्या काहींची नाटकं मी पुन्हापुन्हा पाहिली आहेत आणि पुढेही पाहीन.

विंगेतला, ठाणे

डोंबिवलीकरांना उत्तर. मी बॅकस्टेजला काम करतो, अधूनमधून मालिकांच्या सेटवरही असतो. भुवयांचं म्हणणं खरं आहे. पण मालिकेत कामाची रीतच वेगळी, हे लक्षात घ्या. नाटकाची महिनाभर तालीम होते. भूमिका उभी राहते, मोडते, परत उभी राहते. मालिकेत दिवसाकाठी साधारण एक भाग हातावेगळा करायचा असतो, आणि प्रवेशाचे कागद कधीकधी मेकअप चालू असताना हातात पडतात. तिथे नाटकवाल्याचा पहिला उपयोग म्हणजे पाठांतर. दोन पानं वाचली, की उभा. सेटवरचे लोक यांच्यावर खूश असतात ते अभिनयापेक्षा या कारणासाठी, हे कडू असलं तरी खरं.

दुसरा उपयोग हातांचा. आमच्याकडे त्याला बिझनेस म्हणतात. भाजी निवडता निवडता बोलणं, बोलता बोलता चष्मा पुसणं, आणि नेमक्या शब्दाला चष्मा डोळ्यांवर चढवणं. मालिकेतला साधा नट भाजी हातात धरून बोलतो. नाटकातला खरोखर निवडतो, आणि पुढच्या टेकला तीच काडी त्याच वाक्याला मोडतो. एडिटरला विचारा, याचं मोल काय असतं ते.

तिसरं म्हणजे शनिवार-रविवार. ज्याचं नाटक चालू आहे तो मालिकेशी बोलतानाच प्रयोगांच्या तारखा बाजूला काढून ठेवतो. मग घोडबंदरच्या सेटवरून धावत गडकरीला, गाडीतच वेश बदललेला. एका प्रयोगाला आमचा मुख्य नट सेटवर अडकला आणि पडदा बराच उशिरा वर गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून धारेवर धरलं. कोणती मालिका, कोणता नट, ते सोडा.

आजी ऑनलाइन, गिरगाव

तुम्ही सगळी अलीकडची मंडळी. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, आणि 'चिमणराव' लागायचा तेव्हा आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे सगळा मजला. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. त्या काळी टीव्हीचे असे वेगळे नट नव्हतेच, सगळे नाटकातूनच यायचे. म्हणून ओळखण्याचा प्रश्न नव्हता, घरच्या माणसांना भेटल्यासारखं वाटायचं. पुढे 'हसवाफसवी' नाटकात प्रभावळकरांनी एकट्याने सहा माणसं उभी केली, आणि त्यानंतर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा. चिमणराव पाहिलेल्या पोरांना स्वतःची पोरं झाल्यावर तेच आजोबा म्हणून मिळाले.

अजून एक. 1987 ला 'रामायण' लागलं तेव्हा सगळा देश दशरथापुढे हात जोडत होता. आम्ही म्हटलं, हे तर आपले बाळ धुरी! आणि कौसल्या जयश्री गडकर, म्हणजे त्यांची खऱ्या आयुष्यातलीही पत्नी.

संत्रानगरी

'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची, म्हणून आम्ही तिला सासरी गेलेल्या बहिणीसारखं सांभाळलं. अनिता दाते नाशिकची आहे, हे कळल्यावर माझी आई दोन दिवस नाराज होती. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक शिकलेली आहे, असं सांगितल्यावर म्हणाली, "म्हणूनच वऱ्हाडी बोलताना लाजत नाही ते."

फलटणचा फौजी

'लागिरं झालं जी'. आमच्या भागात घरटी एक जण सैन्यात, त्यामुळे ही मालिका मेसमध्ये मोबाइलवर बघितली जायची. जीजी झालेल्या कमल ठोके शिक्षिका होत्या. नातवाला दटावताना तो वर्गातला आवाज बरोबर बाहेर यायचा. मालिका बघायला बसलेला अख्खा कंपू सरळ होऊन बसे.

नव्यांमध्ये मी हेरलेला म्हणजे भैय्यासाहेब, किरण गायकवाड. खलनायक म्हणून लोक शिव्या घालायचे. माझं लक्ष त्याच्या हसण्याकडे असायचं, कारण त्याचं तोंड आधी हसायचं आणि डोळे सावकाश मागून यायचे. मी तेव्हाच म्हटलं होतं, याला गोड बोलणारा बदमाश द्या. 2020 मध्ये 'देवमाणूस' आली आणि हाच डॉक्टर. गावोगाव बायका त्याच्याकडे विश्वासाने तपासायला जातात, हे बघून आपल्यालाही पटावं इतका सज्जन दिसायचा.

अग्निहोत्री नसलेला, नाशिक

एवढा वेळ 'अग्निहोत्र'चं नाव कोणी कसं घेतलं नाही? आमच्या नाशिकच्या वाड्याची गोष्ट, घराण्याचे आठ गणपती, श्रीरंग गोडबोले यांचं लिखाण, सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन. पण धाग्याच्या विषयापुरतं बोलायचं तर एका मालिकेत विक्रम गोखले, मोहन आगाशे, मोहन जोशी, विनय आपटे, सुहास जोशी, इला भाटे, शरद पोंक्षे! ही यादी एखाद्या नाट्यमहोत्सवाची वाटते. 'घाशीराम'मधला नाना (आगाशे) आणि 'बॅरिस्टर' (गोखले) एकाच घराण्यात.

मी ती मालिका पाहिली ती या लोकांचं ऐकणं बघण्यासाठी. बोलणं सगळ्यांनाच येतं हो! विक्रम गोखले समोरच्याचं वाक्य संपल्यावर जे थांबायचे, त्यात बाकीच्या मालिका दोन जाहिराती उरकतील. ती शांतता रिकामी नसायची. उत्तर द्यायचं की नाही, हे आतल्या आत ठरत असलेलं दिसायचं. नाटकात समोरचा माणूस रोज तेच वाक्य म्हणतो आणि तरी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकावं लागतं. प्रयोगामागून प्रयोग हे केलेला माणूस कॅमेऱ्यासमोर आला, तर त्याला लपायला जागा लागत नाही. माझी खूण ही एकच: नट बोलत नसताना त्याच्याकडे बघा.

आणि या सगळ्या दिग्गजांत तेव्हाची नवी मुलं, सिद्धार्थ चांदेकर, मृण्मयी देशपांडे, स्पृहा जोशी. स्पृहा रुईयाच्या एकांकिकांमधून आलेली. मोठ्यांसमोर नवखा नट दोनपैकी एक करतो, दबतो किंवा चढतो. ही तिघंही तसं न करता त्यांच्याशी बोलत होती. 2012 मध्ये 'उंच माझा झोका'त मोठेपणीची रमाबाई रानडे म्हणून स्पृहा आली तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.

शिवाजी मंदिरची खुर्ची, दादर

उलट्या बाजूचा अनुभव. 'होणार सून मी ह्या घरची' जोरात असताना त्यातला नायक श्री, म्हणजे शशांक केतकर, 'गोष्ट तशी गमतीची' हे नाटक करत होता, मंगेश कदम आणि लीना भागवत यांच्याबरोबर. माझ्या शेजारच्या दोन बायका खास 'श्री'ला बघायला आलेल्या. लीना भागवत आल्यावर एक दुसरीला म्हणाली, "अगं, ही तर गोखल्यांच्या घरातली!" मला सांगावंसं वाटलं की बाई, ही आधी इथली आहे, मग त्या घरातली. मध्यंतरापर्यंत दोघी श्रीला विसरल्या होत्या आणि लीनाबाईंच्या टायमिंगला डोळे पुसत हसत होत्या. टीव्हीमुळे नाटकाचं वाटोळं झालं, असं म्हणणाऱ्यांनी त्या प्रयोगाची गर्दी बघायला हवी होती.

परभणी एक्सप्रेस

संकर्षण कऱ्हाडे. 'माझी तुझी रेशीमगाठ'मधला समीर. आमच्या परभणीचा. एवढंच लिहायला आलो होतो.

उशिरा जागणारी, न्यू जर्सी

'सेक्रेड गेम्स' आली 2018 ला. इथले देशी मित्र सगळे बड्या ताऱ्यांबद्दल बोलत होते आणि मी एकटी त्यातल्या हवालदाराचं, काटेकर, काटेकर करत होते. काटेकर झालेल्या जितेंद्र जोशीला मी देशात असताना 'हम तो तेरे आशिक हैं' नाटकात मुक्ता बर्वेबरोबर पाहिलं होतं. हवालदाराचं थकलेपण त्याने कमरेतून दाखवलंय. जीपमधून उतरताना बघा. काटेकर मेला त्या भागानंतर एका तेलुगू मित्राचा मेसेज आला की तुझ्या माणसाने रडवलं. मीही लगेच तो 'माझा माणूस' असल्याचं मान्य करून टाकलं.

मधल्या रांगेतली, पुणे

परत आले, कारण रसिका जोशी राहून गेली. 'प्रपंच' मालिकेत सुधीर जोशी आणि प्रेमा साखरदांडे यांच्यासारख्या मुरलेल्या लोकांतही ती आपली जागा घेऊन उभी होती. आवाज तर असा की दुसऱ्या खोलीतून ऐकूनही कळावं, आता काहीतरी तिरकस येणार. नंतर मिलिंद फाटकबरोबरचं 'व्हाइट लिली आणि नाइट रायडर' हे नाटक पाहिलं. 2011 मध्ये ती गेली. आज मालिकांत अशा बाईला काय भूमिका देतील, या विचाराने जरा चिडायलाच होतं. नायकाची आत्या देतील, आणखी काय!

नवा आयडी

मला एक मदत हवी आहे. सध्या एका मालिकेत कोर्टाचा ट्रॅक चालू आहे. त्यात न्यायाधीशांच्या खाली बसणारा कारकून एक तरुण मुलगा करतो. तारीख पुकारण्यापलीकडे त्याला संवाद नाही. पण नायिकेची साक्ष चालू असताना तो टाइप करायचा थांबला, तिच्याकडे पाहिलं, आणि साहेबांनी बघितल्यावर घाईने परत बोटं चालवायला लागला. हे त्याला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. श्रेयनामावली दाखवतच नाहीत, आणि अॅपवर ती येते न येते तोच पुढचा भाग सुरू होतो. मालिकेचं नाव व्यनि (खासगी निरोप) करते. एकांकिका स्पर्धा नेमाने बघणाऱ्यांपैकी कोणी त्याला ओळखतं का?