अझुलाला माफी द्यायलाच हवी का?

मुळाकाठ (मूळ धागा)

आम्ही सहकारनगरच्या काही मैत्रिणींनी 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५–०८) ही कार्टून मालिका परत एकदा संपवली आणि शेवटच्या भागानंतर जुनाच वाद पेटला. "झुकोला सुधारायची संधी मिळाली, मग अझुलाला का नाही? तिला अर्धवट सोडलंय," असं एकीचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: अग्निराष्ट्राचा राजा ओझाई जग जिंकायला निघालाय. मुलगा झुको तेरा वर्षांचा असताना बापाने त्याचा चेहरा भाजला आणि देशाबाहेर हाकललं. धाकटी अझुला, वय चौदा, बापाची लाडकी. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी ती नायक आंगवर वीज सोडते, तो जवळजवळ गेलेलाच असतो. पुढे झुको बाजू बदलतो. अझुला शेवटी हरते, साखळीने जखडलेली, ओक्साबोक्शी रडत तोंडातून निळ्या ज्वाळा ओकत राहते. तिची गोष्ट तिथे थांबते.

ती तिथेच थांबायला हवी. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला ती विजेचा सराव करते. म्हाताऱ्या शिक्षिका म्हणतात, जवळजवळ अचूक, फक्त एक केस जागेवरून हललाय. ती चिडते, जवळजवळ चालणार नाही. शेवटच्या भागात चेरीत बी राहिली म्हणून ती दासीला हद्दपार करते, मग आरशासमोर स्वतःचे केस वेडेवाकडे कापते. आरशात आई दिसते, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणते, आणि ही ब्रश फेकून आरसा फोडते. त्या एका केसापासून इथवर आलेल्या मुलीला शेवटच्या दहा मिनिटांत रडवून, माफी मागायला लावून घरी आणलं असतं तर सगळ्या लिखाणावर पाणी पडलं असतं.

शिवाय माफी द्यायची कुणी? आंगची सोबतीण कटारा पाणी हवं तसं वळवू शकते; तिच्या आईला मारणारा यॉन रा तिला सापडतो. ती पावसाच्या थेंबांचे बर्फाचे भाले करून त्याच्या तोंडाशी आणून थांबवते. तो गयावया करतो, माझ्याऐवजी माझ्या आईला मार म्हणतो! ती त्याला सोडते, पण मी त्याला माफ केलेलं नाही आणि कधी करणारही नाही, असं आंगला स्पष्ट सांगते. त्याच क्षणी झुकोला मात्र माफ करते, कारण तो तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. अझुला कुणाच्या दारात गेली?

निळीज्वाळा

दारात जायला आधी कुणीतरी दार दाखवावं लागतं. झुकोला आयरोकाका होते. त्यांना दगा दिल्यावरही तो तंबूत रात्रभर वाट बघत बसला, आणि काकांनी जाग येताच त्याला माफीचं वाक्यसुद्धा पुरं करू न देता मिठीत घेतलं. हेच काका अझुलाबद्दल म्हणतात, ती वेडी आहे, तिला पाडायलाच हवं. लहानपणी युद्धावरून भेटी पाठवल्या तेव्हा भावाला सुरा, हिला बाहुली. तिने ती जाळली, हे खरं. पण अख्ख्या मालिकेतल्या सर्वांत मायाळू माणसाने तिच्यापुरता हात आखडता घेतला, आणि आपण म्हणतो तिने संधी मागितली नाही! चौदा वर्षांच्या मुलीकडून ही अपेक्षा?

काळाकोट

वयाचा मुद्दा साधा नाही. आपल्या बाल न्याय कायद्यात (२०१५) सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो, सोळाच्या आतल्यावर नाही. अझुला आपल्याकडे असती तर बाल न्याय मंडळापुढे गेली असती आणि पुढचा सगळा विचार तिच्या पुनर्वसनाचा झाला असता. त्यासाठी पीडितांची माफी लागत नाही.

पेठकर७२

पुनर्वसन हा शब्द आता पुण्यात कुणी सहज ऐकून घेत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. लोक का खवळले? जाब विचारण्याआधीच सुधारणेची भाषा सुरू झाली म्हणून. झुको मार खातो, तुरुंगात शिरतो, कटाराचे टोमणे गिळतो. हे न करता अझुलाला मोकळं केलं असतं तर मी टीव्ही बंद केला असता.

नाट्यवेडा

मुळाकाठ यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. १९७२ साली पुण्यातच 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं. घाशीराम अपमानाने पेटून कोतवालीसाठी पोटची पोर नाना फडणवीसांना देतो, गावाला छळतो, शेवटी जमाव त्याला ठेचतो. त्याचा उद्धार होत नाही. झाला असता तर नाना सुटले असते! आपला सगळा राग घाशीरामच्या अश्रूंत विरघळला असता. अझुलाचंही तेच. तिची पडझड पाहताना बोट ओझाईकडे जायला हवं.

निळीज्वाळा

आणि ओझाईला काय झालं? आंगने त्याची अग्निविद्या काढून घेतली, जीव राखला. त्याचा जीव वाचावा म्हणून आंग चार भाग तळमळतो. त्यातला एक प्रसंगही मुलीच्या वाट्याला येत नाही.

वर्गताई

शाळेत शिकवते, म्हणून लिहिते. आम्ही रोज पसायदान म्हणतो. 'जे खळांची व्यंकटी सांडो', दुष्टांचं वाकडेपण जावो. ज्ञानोबांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, आणि ज्यांना त्रास झाला त्यांनी विसरून जावं असंही म्हटलं नाही. तुम्ही दोघी या दोन गोष्टी एकात मिसळताय. वर्गात मारकुट्या मुलाशी मी रोज बोलते, त्याच्याशेजारी बसते. पण मार खाल्लेल्या मुलाला "जा, हात मिळव" असं सांगत नाही. मोठ्यांना लवकर मिटवायचं असतं, म्हणून ते हात मिळवायला लावतात.

मुळाकाठ

वर्गताई, हे मान्य. अझुलाशेजारी कुणीतरी बसावं, वैद्य असो, आई असो. फक्त ती कटारा नको, आणि आंगही नको.

निळीज्वाळा

झुको चालेल?

मुळाकाठ

त्याच्या छातीत तिची वीज गेली आहे. त्याला वाटलं तर.