आमचंच काम सॉफ्टवेअरला शिकवायला आम्हालाच लिहून द्यायला सांगितलंय, काय करावं?

बिलवाली
नमस्कार मंडळी. मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये बिलं पास करायचं काम बघते, बरीच वर्षं झाली. आता बिल स्कॅन करून वाचणारं, पर्चेस ऑर्डरशी (माल मागवल्याच्या कागदाशी) जुळवणारं आणि थेट पेमेंटला पाठवणारं सॉफ्टवेअर येतंय. ते येतंय त्याचं एवढं नाही, पण मॅनेजर म्हणतात तुम्ही रोज काय काय करता ते एकूण एक लिहून द्या म्हणजे सिस्टीमला शिकवता येईल. आता बघा, आमचा एक व्हेंडर नवीन आर्थिक वर्ष लागलं की बिल नंबर परत १ पासून सुरू करतो, काम महिन्याचं ठरलेलं त्यामुळे रक्कमही तीच, ट्रायलमध्ये सिस्टीमने ते डुप्लिकेट म्हणून अडवलं आणि पेमेंट लटकलं. मला ठाऊक होतं म्हणून लगेच सुटलं. असलं कितीतरी डोक्यात आहे, कुठेच लिहिलेलं नाही. सगळं देऊन टाकलं तर माझी गरज काय उरणार? नाही दिलं तर सहकार्य करत नाही असा शिक्का. टीममधल्या दोघी म्हणतायत अर्धंच लिहू.

सिस्टीमवाला
ताई, मी असलीच सॉफ्टवेअर बसवायच्या कामात आहे त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. अर्धं लिहायचं मनातून काढून टाका, सिस्टीम कुठे अडली त्याची नोंद, म्हणजे लॉग निघतो, तिथे ते उघडं पडतंच आणि नाव तुमचं खराब होतं. त्यापेक्षा दोन भाग करा, एक नेहमीचं काम आणि दुसरा अपवाद. डेमोमध्ये दाखवतात ती बिलं स्वच्छ असतात हो, खऱ्या फायलीत रकमेवर शिक्का बसलेला असतो, हाताने खोडलेलं असतं, दोन बिलांना मिळून एकच क्रेडिट नोट (व्हेंडरने रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) असते. प्रत्येक अपवादाखाली लिहा की हे कळलं नसतं तर काय झालं असतं, दोनदा पैसे गेले असते की माल अडला असता. आणि कागद देण्याआधीच मेलवर विचारा की सिस्टीमने अडवलेली बिलं यापुढे कोण बघणार. ते काम तुमच्याकडे यायला हवं. एटीएम आली तेव्हाही कॅशियर संपणार असंच म्हणत होते, अमेरिकेत १९८८ ते २००४ मध्ये शहरातल्या एका शाखेतले कॅशियर साधारण २० वरून १३ वर आले, पण शाखा चालवणं स्वस्त झालं म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या आणि त्या काळात एकूण संख्या काही घटली नाही.

दुसरी_बाजू
एटीएमचं उदाहरण सगळे देतात पण त्यातली अट कोणी सांगत नाही. शाखा वाढल्या म्हणून माणसं टिकली. तुमच्या कंपनीत सॉफ्टवेअर आलं म्हणून बिलं वाढणार आहेत का? नसतील वाढणार तर तेच काम कमी लोकांत होणार, सरळ हिशोब आहे. मला भीती घालायची नाहीये, आणि सगळंच संपणार हे उलट टोकही खरं नाही, अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेतल्या २७१ व्यवसायांपैकी ऑटोमेशनमुळे पूर्णपणे संपलेला एकच सापडतो, लिफ्ट चालवणारे. पण व्यवसाय टिकला म्हणजे तुमची खुर्ची टिकली असं होत नाही ना. म्हणून आत्ता, कागद तुमच्या हातात आहे तोवरच बोलून घ्या.

शिफ्ट_सुपरवायझर
एक मुद्दा कोणीच मांडला नाही म्हणून लिहितो. सोपी बिलं मशीनने नेली की उरतात ती सगळी किचकट, आणि टार्गेट मात्र जुन्या हिशोबानेच राहतं. पूर्वी मधेमधे सोपं काम यायचं तेव्हा डोकं जरा मोकळं व्हायचं, ते गेलं. हे लेखी ठरवून घ्या. दुसरं म्हणजे नवीन पोरं शिकायची कुठे? तुम्ही साधी बिलं करत करतच तो व्हेंडर ओळखायला शिकलात ना. साधं काम सगळं मशीनला दिलं तर पुढे अपवाद ओळखणारं माणूस तयारच होणार नाही, आणि मला तरी नोकऱ्या जाण्याइतकीच ही काळजी वाटते. २०१६ मध्ये एआयमधले नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन जास्त चांगलं बघेल. ऐकून खरंच थांबवलं असतं तर आज केवढी पंचाईत झाली असती.
आणि एकट्याने जाऊ नका. २०२३ मध्ये हॉलीवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, तेव्हा कुठे करारात आलं की कंपनी लेखकावर एआय वापरायची सक्ती करू शकत नाही. तुम्हाला संप करायची गरज नाही, पण अख्ख्या टीमने सही करून एकच पत्र दिलं तर त्याला वजन येतं.

बिलवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धं लिहायचं नाही हे टीममध्ये आज ठरलं. अपवादांची यादी आम्ही चौघी मिळून करतोय, प्रत्येकीची नावं घालून. पत्रात तीन गोष्टी विचारतोय, अडलेली बिलं कोण बघणार, टार्गेट नव्याने ठरणार का, आणि नवीन मुलींना काही महिने साधी बिलं हाताने करू देणार का. तिसरी मला सुचलीच नव्हती. आता सिस्टीमवाले दादा, एक सांगा, सिस्टीमने चुकून पास केलेल्या बिलाची जबाबदारी कोणावर येते? अप्रूव्हलला नाव अजून आमचंच दिसतंय.

सिस्टीमवाला
हा चौथा प्रश्न म्हणून पत्रात घालाच. आपोआप पास झालेल्या बिलावर सिस्टीमचा वेगळा यूझर आयडी पडायला हवा, तुमचा नाही. ते सेटिंग असतं, गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या आधी बदलून घ्या.