जंतू नाही, जखम नाही, तरी अंगठा लालबुंद: गाउटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. देवगडजवळच्या गावातून लिहितोय, रेंज मिळेल तसं उत्तर देईन.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या आप्पांच्या (वय ६८) उजव्या पायाचा अंगठा पहाटे तीनला ठणकायला लागला. सकाळी बघतो तर टम्म, जांभळट-लाल. पांघरूण टेकलं तरी ओरडायचे. त्यांचं निदान तयार होतं : "काटो लागलो असतलो रे, दुसरा काय!" आदल्या दिवशी रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) उभे होते, म्हणून आम्हालाही पटलं. एका दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. ढिम्म फरक नाही. युरिक ॲसिड ६.२ आलं, ते 'नॉर्मल', म्हणून गाउटचा (युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याच्या आजाराचा) विषयच संपला. दहाव्या दिवशी सूज आपोआप उतरली.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवलं, त्यात सुईसारखे स्फटिक निघाले. म्हणजे गाउटच. कोल्चिसिन या सूज उतरवणाऱ्या गोळीने दोन दिवसांत चालायला लागले. पुढे युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल सुरू केलं आणि तिसऱ्याच आठवड्यात तिसरा अटॅक! आता आप्पांनी सगळ्याच गोळ्या खिडकीबाहेर टाकल्यात.

मला कळत नाही ते हे, की जंतूच नाहीत तर अंग एवढं पेटतं कशाला? डॉक्टर घाईत 'इन्फ्लमासोम' म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. युरिक ॲसिड कमी करणाऱ्या गोळीनेच अटॅक कसा यावा? बांगडा-तारली कायमची बंद करायची का (हे आप्पांना सांगणार कोण, तो प्रश्न वेगळाच)? शिवाय शेजारच्या काकी सांगतायत, कुंपणावरच्या कळलावीचा कंद उगाळून द्या, त्यातूनच कोल्चिसिनची गोळी बनते.

---

खाडीकाठ :

शेवटचं आधी. कळलावीत कोल्चिसिन असतं हे काकींचं खरं आहे, आणि म्हणूनच ती द्यायची नाही. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत फार कमी अंतर आहे. कंदात किती आहे ते उगाळून कळत नाही. कळलावीच्या कंदाने माणसं दगावली आहेत.

आता अंग का पेटतं ते. आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीकडे प्रत्येक जंतूचा फोटो नसतो, मोजक्या खुणा टिपणारे रिसेप्टर असतात. टोल-लाइक रिसेप्टर जंतूंच्या आवरणाचे तुकडे पकडतात (या शोधासाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन २०११च्या नोबेलचे मानकरी). एनएलआरपी३ नावाचा रिसेप्टर मात्र पेशीच्या आत बसतो आणि तिथला बिघाड हेरतो, मग तो कुणीही केलेला असो. भक्षक पेशी युरेटचा (युरिक ॲसिडच्या क्षाराचा) स्फटिक गिळते. तो पचत नाही, उलट ज्या पिशवीत घेतला तीच फाडतो, पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं. मग एनएलआरपी३ इतर प्रथिनांना जोडून घेऊन इन्फ्लमासोम उभारतो. त्यातलं कॅस्पेज-१ हे कात्रीसारखं प्रथिन इंटरल्यूकिन-१ बीटा या सूज पेटवणाऱ्या निरोप्याला कापून कामाला लावतं, आणि पांढऱ्या पेशींची झुंबड सांध्यात उडते. ठणका तिचाच. लोझानच्या युर्ग चॉप यांच्या गटाने हे २००६ साली दाखवलं. सिलिकाची धूळ फुप्फुसात हाच रिसेप्टर चाळवते.

स्फटिक सांध्यात वर्षानुवर्षं गप्प बसूनही राहतात, कारण इन्फ्लमासोमला आधी एक पूर्वतयारीचा इशारा लागतो. अंगठाच का? पाय अंगापेक्षा गार असतात आणि गारव्यात युरेट कमी विरघळतं.

गोळीचं असं की जुने थर वितळू लागले की बारीक स्फटिक सुटतात आणि भक्षक पेशींच्या तावडीत सापडतात. म्हणजे गोळी काम करतेय. म्हणूनच ॲलोप्युरिनॉलसोबत पहिले तीन ते सहा महिने कमी डोसचं कोल्चिसिन देतात. आप्पांना दिलं होतं का ते डॉक्टरांना विचारा, आणि बंद केलेल्या गोळ्यांचंही सांगा. कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं तर कोल्चिसिन अंगात साठतं, मूत्रपिंड कमजोर असेल तरी डोस बदलतो. ही दोन्ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका.

६.२ वर विसंबू नका. अटॅकमध्ये युरिक ॲसिड तात्पुरतं खाली येतं. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, ते ६च्या खाली ठेवायचं असतं.

बांगडा? युरेटचा साधारण दोन-तृतीयांश भाग शरीर स्वतःच बनवतं. तारली, सुकट, कलेजी, बिअर कमी करा, रापणीनंतर भरपूर पाणी प्या, पण नुसत्या पथ्याने हे आटोक्यात येईल असं मला वाटत नाही. आप्पांना बीपीची गोळी आहे का? हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर त्याने युरेट वाढतं.

---

धागाकर्ता :

आहे हो, तीच आहे! सहा वर्षं चालू आहे, कुणी विचारलंच नव्हतं.

---

खाडीकाठ :

स्वतःहून बंद करू नका, बीपी उसळेल. पर्यायी गोळी असते, डॉक्टर बदलून देतील.

---

धागाकर्ता :

सोमवारी नेतोय. काकींना कळलावीचं सांगितलं, त्या रुसल्यात. बांगड्याचं आप्पांना अजून सांगितलेलं नाही.