लोकप्रतिनिधींची मुदत तीनच वर्षं केली तर?

उंबरठा: पाच वर्षं फार होतात. निवडून आलं की चार वर्षं मतदाराकडे फिरकायचं नाही आणि पाचव्या वर्षी भूमिपूजनांचा सपाटा लावायचा! न्यूझीलंडची संसद तीन वर्षांची आहे. चार करू का, असं १९६७ आणि १९९० साली सार्वमत घेऊन विचारलं, दोन्ही वेळा लोक नको म्हणाले.

तळटीप: अहो, मग भूमिपूजनं दर तिसऱ्या वर्षी होतील! अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची मुदत दोनच वर्षं. तिथला सदस्य शपथ घेतो न घेतो तोच पुढच्या प्रचाराचे पैसे गोळा करायला लागतो. एक कायदा करायचा म्हणजे मसुदा, समिती, साक्षी, अहवाल, दुरुस्त्या, दुसरं सभागृह, सही. एवढं झाल्यावरही नियम अधिसूचित व्हायचे राहतातच. शिवाय पहिलं वर्ष आधीच्यांचं निस्तरण्यात जातं. स्वीडनने १९७० पासून तीन वर्षं करून पाहिली, १९९४ पासून पुन्हा चारवर आले. उगाच नाही.

खडूची भुकटी: तळटीप +१. शिवाय दर तीन वर्षांनी आचारसंहिता, शिक्षकांना ड्युटी... (मी शिक्षक आहे, कळलंच असेल.)

उंबरठा: ड्युटीचं दुखणं समजतं, पण त्यासाठी सत्तेला मोकळं रान द्यायचं? ब्रिटनमध्ये तीन वर्षांसाठी निवडून आलेल्या संसदेने १७१६ साली कायदा करून स्वतःचीच मुदत सात वर्षं केली. ती पाचवर यायला १९११ उजाडलं. आपल्याकडे १९७१ ची लोकसभा १९७६ त संपायची, ती आणीबाणीत लांबली. वर ४२ व्या घटनादुरुस्तीने मुदतच सहा वर्षं! १९७८ त ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाच झाली.

तळटीप: यात दोष सहा वर्षांचा की बसलेल्यांनी आपली मुदत आपणच वाढवण्याचा? बदल पुढच्या सभागृहापासून लागू, अशी अट घाला. मग चार करा नाहीतर पाच.

उंबरठा: अट मान्य, एकदम. तीनवरून मात्र हटत नाही.

मधला बाक: राज्यसभेसारखं का नको? सहा वर्षं, पण दर दोन वर्षांनी एकतृतीयांश निवृत्त.

तळटीप: तिथे आमदार मत देतात हो, मतदार नाही. आणि लोकसभेत एकतृतीयांश जागांच्या निकालावर सरकार राहिलं की पडलं, ते कसं ठरवणार?

मधला बाक: हं. हा विचार केला नव्हता.