मदत हवी आहे: हाँगकाँगचं साई कुंग द्वीपकल्प, नोव्हेंबरातला वारा आणि सोबत ६८ वर्षांची आई

पायवाट
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्याला पाच दिवस हाँगकाँगला जात आहोत. मी, नवरा आणि आई. शहर दोन दिवसांत उरकून बाकीचा वेळ पूर्वेकडच्या साई कुंग द्वीपकल्पाला द्यायचा विचार आहे. आम्हा दोघांना सह्याद्रीची सवय आहे, तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड होईल इतपत. आई सपाटीवर तासभर चालते, चढ-उतार नको. विचारायचं ते असं:

१. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? समोरच्या शेन्झेनला एक दिवस जाऊन येता येईल का?
२. ईस्ट डॅमपासून (तिथल्या जलाशयाचं पूर्वेकडचं धरण) समुद्राच्या कडेने पाक ताम आउपर्यंतची वाट एका दिवसात होते का?
३. त्या बाजूला वारा फार असतो असं वाचलं. नोव्हेंबरात नेमका किती?
४. आईला काय दाखवता येईल?
५. शाकाहारी आहोत.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

ओंजळ
पायवाटताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते चुकलं तर बाकीचे प्रश्नच उरत नाहीत.

व्हिसा लागत नाही, पण आगमनपूर्व नोंदणी लागते. हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर होते आणि फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची, तिकडे फिरकू नका. प्रत्येकाची वेगळी नोंदणी, आईंचीही. निकाल लगेच पडद्यावर येतो. नोंदणी सहा महिने चालते, त्यात कितीही वेळा जाता येतं आणि दर वेळी जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. पावती पांढऱ्या ए-४ कागदावर छापून त्यावर सही करायची. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, विमानात चढण्याआधी चेक-इनलाच कागद मागतात.

घोळ होतो तो नावात. आपल्याकडे पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेने छापलेलं असतं. पासपोर्टच्या आडनावाच्या रकान्यात जे असेल तेच आडनावात भरा, अक्षर न अक्षर. तो रकाना रिकामा असेल तर मनाने काही घालू नका. तपशील पासपोर्टशी जुळला नाही तर ती नोंदणी उपयोगाची नाही.

शेन्झेन म्हणजे मुख्य भूमी. तिथे चीनचा वेगळा व्हिसा लागतो, हाँगकाँगची नोंदणी चालत नाही. फक्त एका दिवसासाठी तो खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत. तो दिवसही साई कुंगला द्या.

कातळकडा
वाटेबद्दल लिहितो. ही मॅक्लेहोज ट्रेल, एकूण १०० किलोमीटर, १९७९ साली खुली झाली. पहिला टप्पा पाक ताम चुंग ते लाँग के, १०.६ किमी. त्यातला बराचसा धरणाच्या कडेचा डांबरी रस्ता आहे, तो पायी तुडवण्यात अर्थ नाही. थेट ईस्ट डॅमला उतरा. तिथून लाँग केपर्यंतचा तुकडा आणि पुढचा दुसरा टप्पा, १३.५ किमी, मिळून पंधरा किलोमीटरच्या आसपास. तुमच्या सवयीला सहा-सात तास, जेवण धरून.

ईस्ट डॅमला कसं पोचायचं: डायमंड हिल मेट्रो स्टेशनहून ९२ नंबरची बस साई कुंग गावात. तिथून ९४ नंबर पाक ताम चुंगला. पुढे खासगी गाड्यांना अटकाव आहे, टॅक्सी मात्र जाते. पाक ताम चुंगहून सुटणारी ९ए मिनीबस प्रामुख्याने सुट्टीच्या दिवसांची, शिवाय तिचं वेळापत्रक बदलत असतं. आदल्या रात्री वाहतूक खात्याच्या एचके-ईमोबिलिटी अ‍ॅपवर बघून घ्या. आडवारी जात असाल तर साई कुंग गावातूनच टॅक्सी करा. शंभर हाँगकाँग डॉलरच्या वर जातात, पण दोन तास वाचतात. ऑक्टोपस कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) प्रत्येकाजवळ हवं, मिनीबसवाले सुटे देत नाहीत.

माझं गणित असं. साडेआठला ईस्ट डॅम सोडायचं. सव्वानऊपर्यंत लाँग के. शुभ्र वाळूची पुळण आहे, दुकान नाही. तिथून साई वान शानचा चढ सुरू होतो (शान म्हणजे डोंगर). उंची फक्त ३१४ मीटर, पण पुळणीवरून म्हणजे शून्यातून चढायची. दगडी-सिमेंटच्या पायऱ्या, सावली अजिबात नाही. साडेदहाला माथा. उतरून साडेअकराच्या सुमारास साई वान, मग मधली छोटी सोंड ओलांडून साडेबाराला हाम टिन. जेवण तिथे. पुढे ताई लाँग आउ (आउ म्हणजे खिंड), चेक केंगचं जवळजवळ ओस पडलेलं गाव, खाडीचा काठ आणि शेवटी पाक ताम आउचा चढ. चार वाजता डांबरी रस्त्यावर. तिथे ९४ नंबर मिळते, रविवारी-सुट्टीला ९६आर थेट डायमंड हिलला जाते. नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, म्हणून सकाळी उशीर नको.

वाटेवर दर ५०० मीटरला आकडा लिहिलेला खांब आहे. शेवटचा ओलांडलेला आकडा लक्षात ठेवत चला. काही झालं तर ९९९ ला फोन करून तो आकडा सांगितला की बचाव पथकाला नेमकी जागा कळते. फोनला रेंज नसेल तर ११२ लावून बघा. तो उपलब्ध असेल ते कुठलंही नेटवर्क धरतो.

आता वारा, कारण या वाटेचा दिवस तोच ठरवतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथे ईशान्य मान्सून असतो. आपल्याकडचा पावसाळी मान्सून नव्हे. हा कोरडा, गार, चीनच्या भूमीवरून खाली येणारा. द्वीपकल्पाची पूर्व कड त्याला उघडी पडलेली आहे. साई कुंग गाव मात्र पश्चिमेला, डोंगरांच्या आडोशाला. त्यामुळे गावात झाडाचं पान हलत नाही आणि साई वान शानवर तोल जातो. लोक फसतात ते इथे. वेधशाळेच्या माय ऑब्झर्व्हेटरी अ‍ॅपमध्ये साई कुंगचा आकडा बघून ठरवू नका, वागलान बेटाचा बघा. ते बेट उघड्या समुद्रात आहे, कड्यावर काय वाहतंय त्याचा अंदाज तोच देतो.

समुद्रसपाटीजवळचा सरासरी वारा ताशी ४० किमीच्या वर जाईल असं दिसलं की वेधशाळा जोरदार मान्सूनचा इशारा लावते. उघड्या जागी तेव्हा ७० च्याही वर जाऊ शकतो. इशारा असेल त्या दिवशी साई वान शान सोडा. माथ्यावर गवत आणि खुरटी झुडपं, धरायला काही नाही. ईस्ट डॅम बघा, लाँग केला जा, आल्या वाटेने परत या.

पायवाट
फार उपयोगी पडलं, दोघांचेही आभार. आणखी दोन गोष्टी. इशारा नसेल पण वारा असेलच, तर तयारी काय करायची? आणि मध्येच सोडायची वेळ आली तर बाहेर पडायच्या वाटा कोणत्या?

कातळकडा
तयारी साधी आहे. सॅकचं पावसाळी कव्हर काढून ठेवा, ते शिडासारखं फुगतं आणि माणसाला बाजूला ओढतं. लोंबणारे पट्टे खोचून टाका. छत्री नको, विंडचीटर हवं. टोपी हनुवटीखाली बांधता येणारी. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा, पुळणीवर वाळू उडते. दुपारी तापमान २०-२५ अंश असतं, चढताना घाम येतो आणि माथ्यावर थांबलं की दोन मिनिटांत हुडहुडी भरते, म्हणून खिंडीच्या आडोशालाच थांबा. वाऱ्यामुळे तहान कळत नाही. माणशी तीन लिटर पाणी भरून निघा. साई वानपर्यंत वाटेत पाण्याची सोय धरू नका.

बाहेर पडायच्या वाटा: लाँग केहून मागे ईस्ट डॅम. साई वानहून सिमेंटची चांगली वाट पाऊण-एक तासात साई वान पॅव्हेलियनला जाते, तिथून २९आर मिनीबस साई कुंग गावात येते. फेऱ्या मोजक्या आहेत, शेवटची किती वाजता ते आधी बघून ठेवा. साई वान किंवा हाम टिनहून स्पीडबोट मिळते, पण समुद्र खवळलेला असला की बंद, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच नसते. तिच्यावर भरवसा ठेवून निघू नका. हाम टिननंतर सोपी पळवाट नाही. हाम टिनला पोचायला दीड वाजला तर जेवा आणि साई वान पॅव्हेलियनने परत फिरा.

नकाशावर ४६८ मीटरचं शार्प पीक दिसेल, टोकदार आणि मोहात पाडणारं. त्याची वाट देखभालीतली नाही, उभ्या उतारावर मुरमाचा घसारा आहे. वाऱ्याच्या दिवसांत नाहीच.

खडप
समुद्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. साई वान, हाम टिन आणि पुढच्या पुळणी मिळून ताई लाँग वान, शब्दशः मोठ्या लाटांचं आखात. नावाला जागणारं आहे. जीवरक्षक नाहीत, शार्कची जाळीही नाही. खाली जाणाऱ्या पाण्याची ओढ जबरदस्त. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

आणि आभाळ निळं आहे म्हणून समुद्र शांत असं समजू नका. शेकडो किलोमीटरवरच्या वादळाचा फुगवटा वारा नसतानाही येतो. पाच-दहा मिनिटं खडप कोरडं राहतं आणि एकदम एक लाट माणसाच्या उंचीची येते. ईस्ट डॅमच्या बाहेरच्या खडकांवर फोटोसाठी उतरणाऱ्यांना हाच धोका. नोव्हेंबरात वादळ येत नाही असंही नाही, २०२४ च्या नोव्हेंबरात तोराजी वादळामुळे आठ नंबरचा वादळाचा बावटा लागला होता. तीन नंबर लागला की किनारा सोडा, आठ लागला की बस-बोटी बंद व्हायला लागतात.

साई वानच्या मागच्या ओढ्यात डोहांची रांग आहे, तिथले फोटो सगळीकडे दिसतात. तिथे माणसं बुडून दगावली आहेत. खडक शेवाळलेले असतात. काठावरून बघा आणि पुढे चला.

ओंजळ
आईंसाठी ईस्ट डॅमच सगळ्यात उत्तम, आणि ते दुय्यम ठिकाण मुळीच नाही. टॅक्सीने थेट धरणापर्यंत जाता येतं, स्वच्छतागृह आहे, रस्ता सिमेंटचा. मात्र परतीची टॅक्सी आडवारी तिथे उभी नसते. नेणाऱ्यालाच तासभर थांबायला सांगा आणि पैसे आधी ठरवून घ्या.

बघायचं काय, तर षटकोनी खांब. ज्वालामुखीच्या राखेचा जाड थर १४ कोटी वर्षांपूर्वी सावकाश थंड होताना आकसला आणि त्याला तडे गेले, त्यातून हे खांब. सरासरी १.२ मीटर रुंद. अंधेरीची गिल्बर्ट हिल आईंनी पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल. फरक एवढाच की तो आपला काळा बेसाल्ट, वय साडेसहा कोटींच्या आसपास, आणि इथला दगड सिलिकाने भरलेला, फिकट, उन्हात मधाच्या रंगाचा. धरणाजवळच एका जागी खांब इंग्रजी एस अक्षरासारखे वाकलेले आहेत आणि शेजारी गडद दगडाची शीर घुसलेली स्पष्ट दिसते. तिथे आईंना हात लावून बघू द्या, कडा अजून धारदार लागते.

धरणही बघण्यासारखं. बेट आणि किनाऱ्यामधली समुद्राची पट्टीच दोन्हीकडून बांध घालून अडवली, खारं पाणी उपसलं आणि १९७८ मध्ये गोड्या पाण्याचा साठा तयार झाला. एका बाजूला संथ निळं पाणी, दुसऱ्या बाजूला फेसाळता समुद्र. समुद्राकडे २५-२५ टनांचे काँक्रीटचे डोलोस रचलेले आहेत, मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडचे भाऊबंद. धरणाच्या माथ्यावर वारा चिंचोळ्यातून घुसतो, आईंचा हात धरून चाला आणि कानाला रुमाल बांधा.

दुसऱ्या दिवशी साई कुंगच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने शार्प आयलंड. ओहोटीला वाळू-गोट्यांची नैसर्गिक वाट उघडी पडते आणि शेजारच्या बेटावर चालत जाता येतं. आईंनी पलीकडे न जाता किनाऱ्यावर बसलं तरी पुरे, गोटे पायाखाली निसटतात. भरती-ओहोटीची वेळ वेधशाळेच्याच अ‍ॅपवर मिळते.

जेवणाचं: हाम टिनला दुकानात नूडल्स, तळलेला भात मिळतो. रोख पैसे ठेवा. "ङो सिक जाय" म्हटलं की बौद्ध पद्धतीचं शाकाहारी असं समजतात, पण परतायची कढई एकच असते. चालत नसेल तर दशम्या आणि चटणी सोबत हवीच. पिशवी उघडी टाकू नका, पुळणीवर मोकाट गायी फिरतात आणि थेट पिशवीत तोंड घालतात. त्यांना खायला घालू नका. वाटेवरच्या कचराकुंड्या काढून टाकल्या आहेत, तेव्हा रिकाम्या बाटल्या आणि कागद परत साई कुंगपर्यंत आपल्याच सॅकमध्ये.

पायवाट
सगळं लिहून घेतलं. वाटेचा दिवस आधीपासून पक्का करत नाही, आदल्या रात्री वागलानचा आकडा बघून चौथा की पाचवा ते ठरवू. आज तिघांची नोंदणी करते. आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आहे, ते वेळेत कळलं.