बायपासनंतर बाबांचा थकवा आणि उदासी जात नाही; मदत हवी आहे

शुभदा_क:
बाबांची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाल्याचे सर्जन सांगतात आणि जखमही कोरडी आहे, परंतु घरी आल्यापासून ते बहुतेक वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले असतात. शब्दकोडे सोडवल्याशिवाय ज्यांची सकाळ सुरू होत नसे, त्यांच्यासमोर आता दुपारपर्यंत वर्तमानपत्राची घडीही मोडलेली नसते. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी गळून जातात. काल आईला म्हणाले, "उगाच वाचवलंत मला." ताकद येण्यासाठी कोणते टॉनिक द्यावे, एवढेच मला सांगा. धीर धरण्याचा सल्ला कृपया देऊ नका. तो मी महिनाभर ऐकते आहे.

निशिगंध:
टॉनिक सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. शस्त्रक्रियेला किती आठवडे झाले, वय किती, कोणत्या गोळ्या कोणत्या मात्रेत चालू आहेत, बसल्या जागी नाडी किती असते आणि घरी सोडताना हिमोग्लोबिन किती होते? ताप, पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर धाप, यांपैकी काही आहे का?

पायवाट:
सात वर्षांपूर्वी माझी बायपास झाली, त्यामुळे अनुभवाने सांगतो की चालण्यासारखे औषध नाही. मी घरातल्या घरात दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली, रोज एखादे मिनिट वाढवले आणि सहाव्या आठवड्यात सलग अर्धा तास चालू लागलो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची आणि पुन्हा चालायला लागायचे. बाबांना खुर्चीतून उठवा, बाकी सारे आपोआप होईल.

शुभदा_क:
ते उठतच नाहीत, हाच तर प्रश्न आहे. वय ६४, पाच आठवडे झाले. ताप, सूज, धाप काही नाही. गोळ्या नेहमीच्याच आहेत.

निशिगंध:
"नेहमीच्या" म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी असते. पाकिटांवरची नावे पाहून लिहा.

मध्यममार्ग:
त्यांत मेटोप्रोलॉल ही ठोके मंद करणारी गोळी असणार. माझ्या आईला त्याच गोळीने इतकी मरगळ आली होती की ती दिवसभर झोपून असे. मात्रा निम्मी केल्यावर आठवड्यात फरक पडला. ती गोळी चार दिवस बंद करून पाहा.

निशिगंध:
कृपया हे अजिबात करू नका. या गटातील गोळी एकाएकी बंद केली तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, छातीत दुखू शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आपल्या आईंची मात्रा डॉक्टरांनी कमी केली असेल, तर तेवढेच लिहावे; घरच्या घरी गोळी बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

तर्कनिष्ठ:
मुळात शस्त्रक्रिया हृदय थांबवून, यंत्रावर रक्ताभिसरण ठेवून केली होती की धडधडत्या हृदयावर? यंत्रामुळे मेंदूवर परिणाम होतो आणि हा थकवा त्यातूनच येतो, असे माझे ठाम मत आहे. दुसरी पद्धत निवडायला हवी होती.

निशिगंध:
झालेली शस्त्रक्रिया आता बदलता येणार नाही आणि शुभदाताईंनी ते विचारलेलेही नाही. शिवाय दोन्ही पद्धतींची तुलना करणारा 'रूबी' हा मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्मरण आणि एकाग्रतेच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नव्हता.

ऐकणारा:
मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात समुपदेशक आहे. आतापर्यंत सगळे थकव्याबद्दल बोलत आहेत, पण मला पहिल्या मजकुरातले "उगाच वाचवलंत मला" हे वाक्य सोडवत नाही. पहिले काही आठवडे मन हळवे होणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी आणि कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, टिकले तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. हृदयरुग्णांना याविषयी नेमाने विचारावे, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच केली आहे. जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचे विचार येतात का, हे बाबांना शेजारी बसून स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पायवाट:
एवढ्यावरून माणसाला मनोरुग्ण ठरवणे मला पटत नाही. मनाचा निश्चय असला की उदासी टिकत नाही.

ऐकणारा:
निश्चय करण्याची शक्तीच नैराश्याच्या आजारात क्षीण होते. असा रुग्ण चालत नाही, गोळ्या चुकवतो, तपासणीला जायचे टाळतो; म्हणून मनावरचा उपचार हा हृदयाच्याच उपचाराचा भाग आहे. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधे हृदयरुग्णांत अभ्यासली गेली आहेत, मात्र अॅस्पिरिनबरोबर ती घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे हृदयाच्या आणि मनाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना सर्व गोळ्या ठाऊक असायला हव्यात.

पायवाट:
आपले उत्तर दोनदा वाचले. तिसऱ्या आठवड्यात मी नळ सोडून न्हाणीघरात रडत असे, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. हे सात वर्षांत पहिल्यांदाच कोणाला सांगतो आहे. शुभदाताई, मी चालण्यावर एवढा भर दिला, पण आधी बाबांशी बोला.

शुभदा_क:
बोलले. मरावेसे वाटत नाही म्हणाले, परंतु झोपेत हृदय थांबेल या भीतीने ते रात्ररात्र खुर्चीत जागे बसतात, हे आम्हाला माहीतच नव्हते. मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा आहे, मागच्या तपासणीपर्यंत ते २५ होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले होते, म्हणून अॅमिओडॅरोनही चालू आहे. हिमोग्लोबिन ८.९ होते. आता नाडी मोजली, ती ४८ आहे. रात्रीची गोळी देऊ का?

निशिगंध:
हे इथे ठरवू नका, आत्ताच रुग्णालयात फोन करा. ही दोन्ही औषधे ठोके मंद करतात, म्हणून दोन्हींची नावे, मात्रा आणि पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी सांगा. चक्कर येते का, तेही सांगा. अॅमिओडॅरोनमुळे थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासण्याविषयी विचारा. ८.९ हिमोग्लोबिनवर कोणीही थकेल. पण लोह द्यायचे की आणखी काही, हे तपासणीनंतरच ठरेल.

शुभदा_क:
फोन केला. आज रात्रीचे मेटोप्रोलॉल देऊ नका असे त्यांनी सांगितले; चक्कर आली किंवा शुद्ध हरपल्यासारखे वाटले तर लगेच, नाहीतर सकाळी आठला ईसीजी आणि रक्ततपासणीसाठी बोलावले आहे. बाबांच्या भीतीविषयीही सांगितले, उद्याच मनोविकारतज्ज्ञांशी भेट ठरवून देणार आहेत. आज मी त्यांच्या पलंगाशेजारी अंथरूण घातले आहे. मी जागी आहे असे सांगितल्यावर ते आडवे झाले आहेत.