मदत हवी आहे : घरी जोडलेल्या संगणकाच्या पंख्याचा आवाज

इंदूरमध्ये जेल रोडवरून सुटे भाग आणून घरी जोडलेल्या माझ्या संगणकाचा पंखा साधे ब्राउझर उघडले तरी दर काही सेकंदांनी जोरात फिरतो आणि लगेच मंदावतो. स्थिर आवाज एक वेळ चालला असता, परंतु हा चढउतार रात्रीच्या अभ्यासात असह्य होतो. प्रोसेसर ६५ वॅटचा असून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. धूळ काढली, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नव्याने लावली आणि कॅबिनेटचे तीन पिनांचे दोन्ही पंखे बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर, आणले, त्यामुळे ते शांत झाले. एकेक पंखा क्षणभर थांबवून पाहिल्यावर आवाज प्रोसेसरवरच्या चार पिनांच्या छोट्या पंख्याचाच आहे, याची खात्री झाली. कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडले तरी फरक पडत नाही. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३८ अंशांपर्यंत जाते आणि एसी नाही, म्हणून वेग सरसकट कमी करण्याचे धाडस होत नाही. कॅबिनेटमध्ये १५५ मिलिमीटर उंचीपर्यंतचा कूलर बसतो. खर्चाची मर्यादा २,५०० रुपये आहे. अशा स्थितीत प्रोसेसरचे तापमान ७० अंशांपर्यंत जाईतो पंख्याचा वेग स्थिर ठेवून बायोसमध्ये वेगवाढीचा विलंब (तापमान वाढल्यावर पंखा किती वेळाने वेग वाढवतो तो अवधी) वाढवणे पुरेसे ठरेल, की १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलरच (प्रोसेसरवर बसणारा उंच कूलर) घ्यावा?